नकोशा गिऱ्हाइकाचा विमा

गेल्या वर्षी ऐन दिवाळीत माझ्या एका शाळासोबत्याचा फोन आला. शुभेच्छा, फराळ, तब्येती असं सगळं बोलून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "तू आयुष्यभर गाड्यांच्या विम्याचे कागद बघितलेस. एक विचारू?" त्याचा मुलगा अमेरिकेत फ्लोरिडात नोकरीला आहे. वर्षभरापूर्वी एका पार्टीहून परतताना पोलिसांनी त्याची गाडी थांबवली आणि त्याला नळीत फुंकायला लावलं. कोणाला धक्का लागला नव्हता, पण दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. दंड भरला, लायसन्स गेलं. आता लायसन्स परत मिळायची वेळ आली, तेव्हा त्याच्या नेहमीच्या विमा कंपनीने पॉलिसी पुढे चालवायला नकार दिला. दुसरीने दारातूनच परतवलं. तिसरीने सांगितलेला हप्ता ऐकून घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही.

"मला एवढंच सांग," मित्र म्हणाला, "गुन्हा केला म्हणून कंपन्या विमा देत नाहीत. आणि गुन्हा केला म्हणूनच सरकार म्हणतंय, शेजाऱ्यापेक्षा मोठा विमा घे, नाहीतर गाडीला हात लावू नकोस. हा कुठला न्याय?"

त्या वेळी मी त्याला काहीतरी व्यवहारी सल्ला दिला. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. मी इतिहासाचा किंवा कायद्याचा पदवीधर नाही. पंचवीस वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर हिशेब लिहिले, पॉलिसींच्या तारखा सांभाळल्या आणि अपघातांच्या दाव्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढलो. उरल्या वेळात मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून या प्रश्नाचं उत्तर हळूहळू हाती आलं. ते शंभर वर्षं जुनं आहे आणि माझ्या मित्राला वाटलं त्याहून वेगळं आहे.

दारुड्याला विम्याचं संरक्षण असावं का?

मोटारगाडी रस्त्यावर आली त्याच सुमाराला दारू प्यालेला चालकही रस्त्यावर आला. सप्टेंबर १८९७ मध्ये लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर एका विजेच्या टॅक्सीचा चालक नशेत एका इमारतीवर आदळला आणि त्याला दंड झाला. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल झालेली ही जगातली पहिली अटक मानतात. मोटारीच्या विम्याच्या पहिल्या पॉलिसीही अमेरिकेत १८९७-९८ च्याच सुमारास निघाल्या.

या दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या तेव्हा न्यायाधीशांपुढे एक जुनाच नैतिक पेच उभा राहिला. स्वतःच्या दुष्कृत्याचा खर्च माणसाने दुसऱ्याच्या खिशातून भागवावा का? कोणी स्वतःच घर पेटवलं तर त्याला आगीच्या विम्याचे पैसे मिळत नाहीत. मग दारू पिऊन एखाद्याला चिरडणाऱ्याची भरपाई विमा कंपनीने का भरावी? इंग्लंडमध्ये १९२७ साली 'जेम्स विरुद्ध ब्रिटिश जनरल इन्शुरन्स' या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला. चालक प्यालेला होता, त्याच्या हातून माणूस मेला होता आणि सदोष मनुष्यवधाबद्दल तो दोषी ठरला होता. कंपनीचं म्हणणं, असा करार लोकहिताच्या विरुद्ध असल्याने आम्ही बांधील नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. त्याने जाणूनबुजून जीव घेतला नव्हता. हलगर्जीपणा कितीही घोर असला तरी तो हलगर्जीपणाच, आणि विमा त्यासाठीच तर उतरवलेला असतो.

वरवर पाहता हा निकाल दारुड्याच्या बाजूचा वाटतो. पण पैसे शेवटी कोणाकडे गेले हे पाहिलं की चित्र उलटतं. दारुड्याची शिक्षा टळली नाही, ती त्याने भोगलीच. विम्याची रक्कम ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी होती.

पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश संसदेने हाच विचार कायद्यात बसवला. त्रयस्थाच्या इजेचा विमा, म्हणजे आपण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो तो, १ जानेवारी १९३१ पासून सक्तीचा झाला. मालक दिवाळखोर निघाला तरी जखमीला थेट विमा कंपनीकडे मागणी करता यावी, अशी सोय १९३० मध्येच झाली होती. १९४६ मध्ये सगळ्या मोटार-विमा कंपन्यांनी मिळून 'मोटर इन्शुरर्स ब्युरो' स्थापन केला. विमा नसलेल्या गाडीने उडवलेल्या माणसाला या सामायिक तिजोरीतून भरपाई मिळू लागली.

कनेक्टिकटची वाट

अमेरिकेने वेगळी वाट धरली, आणि मित्राच्या मुलाची गोष्ट तिथूनच सुरू होते. १९०० साली त्या देशात जेमतेम आठ हजार मोटारी होत्या. १९३० पर्यंत त्या अडीच कोटींवर गेल्या. १९२५ च्या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर वीस हजारांहून अधिक माणसं मेली. गाड्या हप्त्यांवर मिळत होत्या, त्यामुळे ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे भरपाई द्यायला पैसे असतीलच असं नव्हतं. जखमी माणूस कोर्टात जिंकायचा आणि हाती कागद घेऊन घरी यायचा.

शेजारशेजारच्या दोन राज्यांनी यावर दोन उपाय काढले. मॅसॅच्युसेट्सने १९२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी १९२७ पासून प्रत्येक मोटारीला विमा सक्तीचा केला. कनेक्टिकटला एवढी सक्ती पसंत नव्हती. त्याचा कायदा १ जानेवारी १९२६ पासून लागू झाला. त्याचं म्हणणं असं : सगळ्यांना कशाला वेठीला धरायचं? ज्याच्या गाडीला अपघात झाला, त्याने यापुढच्या नुकसानीची भरपाई देण्याची आपली ऐपत आहे हे सरकारला दाखवावं. त्यासाठी पॉलिसी दाखवा, हमीदार आणा किंवा रोख ठेवा.

अमेरिकी मोटारचालकांच्या मोठ्या संघटनेने, 'एएए'ने, १९२० च्या दशकाअखेरीस याच धर्तीचा नमुना-कायदा तयार करून राज्याराज्यांत पोचवला. दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या आणि कोर्टाने ठरवलेली भरपाई न देणाऱ्या माणसाचं लायसन्स ऐपतीचा पुरावा देईपर्यंत अडकवून ठेवायचं, हा त्यातला गाभा. विमा कंपन्यांनाही हे सोयीचं होतं. सरसकट सक्ती आली की मागोमाग सरकार हप्त्याचे दर ठरवायला येणार, ही त्यांची भीती होती. मॅसॅच्युसेट्समध्ये तसंच झालं होतं. म्हणून एक राज्य वगळता बाकी देश तीस वर्षं कनेक्टिकटच्या वाटेने गेला. सक्ती करणारं दुसरं मोठं राज्य न्यू यॉर्क. त्याचा कायदा १९५६ चा.

या वाटेतला दोष तेव्हाही लोकांना दिसत होता. कायदा पहिल्या अपघातानंतर जागा व्हायचा. म्हणजे पहिला बळी फुकट! त्याच्या वाट्याला काही नाही, बंदोबस्त सगळा दुसऱ्या बळीसाठी. १९३२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने कामगार-भरपाईच्या धर्तीवर सक्तीची व्यवस्था सुचवली होती. तिचं पुढे काही झालं नाही.

आजही न्यू हॅम्पशायर या राज्यात साध्या चालकाला विमा घेण्याची सक्ती नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलात की मात्र विमा दाखवावा लागतो. कनेक्टिकटचा जुना विचार तिथे जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक आहे.

विमा घ्या, पण देणार कोण?

सरकारने हुकूम काढला की दोषी चालकाने विमा दाखवावा. पण विमा हा दोघांमधला व्यवहार आहे. समोरच्याने नाही म्हटलं तर? सरकार म्हणतं पॉलिसी आण, कंपनी म्हणते तुला पॉलिसी देणार नाही. माझा मित्र ज्या कात्रीत सापडला होता, ती पहिल्यांदा तयार झाली ती १९३० च्या दशकात.

तिच्यावर पहिली तोडही न्यू हॅम्पशायरमध्येच निघाली, १९३८ च्या सुमारास. तिला 'असाइन्ड रिस्क प्लॅन' म्हणतात. आपण 'वाटून घेतलेली जोखीम' म्हणू. ज्या चालकाला कोणी दारात उभं करत नाही त्याने एका सामायिक कचेरीकडे अर्ज करायचा. तिथे अशा नकोशा गिऱ्हाइकांची वाटणी होते. ज्या कंपनीचा त्या राज्यात जितका धंदा, तितकी नकोशी गिऱ्हाइकं तिच्या वाट्याला. गावजेवणानंतरची भांडी जशी घरटी वाटून देतात तसंच हे. हप्ता अर्थातच जास्त. पण नाही म्हणायची मुभा कंपनीला नाही.

कॅलिफोर्नियात हे कंपन्यांच्या खुशीवर न ठेवता कायद्याने बंधनकारक केलं, तेव्हा एक कंपनी कोर्टात गेली. ती एका मोटार-संघटनेच्या सभासदांपुरतीच विमा देणारी होती. आम्ही निवडून घेतलेल्या लोकांचा विमा उतरवतो, ही बाहेरची जोखीम आमच्या गळ्यात का, असा तिचा सवाल होता. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ मध्ये न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकाल दिला तो राज्याच्या बाजूने. रस्त्यावरचे अपघात हा सगळ्या समाजाचा प्रश्न आहे, आणि या धंद्यातून नफा मिळवणाऱ्यांवर त्याच्या भाराचा काही वाटा टाकायचा राज्याला अधिकार आहे, असं त्याचं सार.

या निकालाने दारुड्याला विमा मिळण्याचा हक्क मिळाला असं म्हटलं तर ते अर्धंच खरं ठरेल. या साऱ्या खटाटोपात कायद्याची नजर होती ती त्या चालकासमोर उद्या येणाऱ्या माणसावर. तो कोण असेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

वाईट चालकांचा बाजार

सरकारी वाटणीखेरीज आणखी एक दार उघडलं, ते बाजाराने. अमेरिकेच्या दोन कंपन्यांचा जन्म शेजारी ठेवून पाहावा. १९३६ मध्ये निघालेल्या 'गायको'ने सुरुवातीला सरकारी नोकर आणि लष्करी माणसंच गिऱ्हाईक म्हणून धरली. नेमस्त, पगारदार माणसं सांभाळून गाडी चालवतात, हा तिचा हिशेब. १९३७ मध्ये क्लीव्हलंडला निघालेल्या 'प्रोग्रेसिव्ह'ने १९५६ मध्ये नेमकी उलटी माणसं धरली. इतरांनी नाकारलेल्या चालकांसाठी तिने वेगळी कंपनीच काढली. तिचा हिशेब असा की वाईट चालक सगळे सारखे वाईट नसतात. एकदा चुकलेला आणि पुन्हापुन्हा चुकणारा यांत फरक करता आला, तर नाकारलेल्या ढिगातही चांगला माल सापडतो. दोन्ही हिशेब बरोबर ठरले. आज या दोन्ही कंपन्या त्या देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार-विमा कंपन्यांत आहेत.

पण या बाजारात लबाडही घुसले. १९६० च्या दशकात नकोशा चालकांना विमा विकणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. काहींनी हप्ते गोळा केले आणि दावे यायच्या वेळी तिजोऱ्या रिकाम्या निघाल्या. १९६५ मध्ये सिनेटर थॉमस डॉड यांनी या प्रकाराची सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी चालवली. डॉड कनेक्टिकटचेच. बुडालेल्या कंपनीचे दावे बाकीच्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागवणारे हमी-निधी पुढे राज्याराज्यांत उभे राहिले, ते या अनुभवातून. चालकाच्या हाती पॉलिसी होती, सरकारच्या दप्तरी नोंद होती, तरी जखमीचा हात रिकामाच राहिला होता. विम्याचा कागद आणि विम्याचे पैसे यांतलं हे अंतर आपल्याकडच्या दावेदारांना वेगळं सांगायला नको.

नळी, आकडा आणि किंमत

तोवर दारू प्यालेला कोण, हे ठरत होतं ते पोलिसाच्या नाकावर आणि चालकाच्या चालीवर. इंडियाना विद्यापीठातले रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात फुग्यात फुंकायला लावून नशा मोजणारं 'ड्रंकोमीटर' बनवलं. रॉबर्ट बॉर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये त्याहून सुटसुटीत 'ब्रेथलायझर' काढलं. १९३९ मध्ये इंडियानाने कायद्यात आकडा घातला. रक्तात १५ शतांश टक्के मद्य, म्हणजे १०० मिलीलिटरला १५० मिलिग्रॅम, सापडलं तर माणूस प्यालेला. हा आकडा भलताच सैल होता. आज बहुतेक अमेरिकेत तो ८० आहे, युटा राज्यात ५० आणि आपल्या कायद्यात ३०.

आकडा सैल होता, कारण समाजाची नजर सैल होती. ज्युरीत बसलेल्या माणसाला आरोपीच्या जागी आपणच दिसायचो. हे बदललं १९८० नंतर. त्या वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स इथे रस्त्याकडेने चालणाऱ्या कॅरी लाइटनर या १३ वर्षांच्या मुलीला एका प्यालेल्या चालकाने उडवलं. तो आधी दोषी ठरलेला होता आणि अशाच दुसऱ्या प्रकरणात जामिनावर सुटून त्याला दोनच दिवस झाले होते. मुलीच्या आईने, कँडी लाइटनर यांनी, 'मॅड' ही मातांची संघटना उभी केली. चार वर्षांत दारू पिण्याचं किमान वय देशभर २१ करायला लावणारा कायदा आला. पूर्वी 'दुर्दैव' म्हणून खपलेल्या गोष्टीला आता लोक गुन्हा म्हणू लागले.

विम्याच्या दरातही हा राग उतरला. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर १९८८ मध्ये मतदारांनीच 'प्रपोझिशन १०३' मंजूर केलं. हप्ता ठरवताना सर्वांत आधी चालकाची गाडी चालवण्याची कारकीर्द पाहायची, मग वर्षाकाठचे मैल, मग अनुभवाची वर्षं. चांगल्या चालकाला किमान २० टक्के सूट. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्याला ही सूट आता १० वर्षं मिळत नाही.

न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात, वेगळाच प्रयोग झाला. १९८३ च्या कायद्याने तिथे सामायिक विमा-मंडळ काढलं. नाकारलेल्यांना आत घ्यायचं, पण हप्ता फार चढू द्यायचा नाही. तूट भरून काढायला प्यालेल्या चालकांवर वर्षाला १,००० डॉलर असा तीन वर्षं जादा आकार बसवला, आणि त्याचे पैसे या मंडळाकडे वळवले. झालं असं, की स्वस्त दारातून सगळेच आत शिरले. दशकाअखेर राज्यातले जवळजवळ निम्मे चालक त्या 'नकोशां'च्या मंडळात होते. १९९० मध्ये ते बंद करावं लागलं, तेव्हा तूट तीन अब्ज डॉलरांच्या वर गेली होती.

मेरीलँडने १९७२ मध्ये सरकारी विमा-निधीच काढला. त्यात शिरायचं तर दोन कंपन्यांनी नाकारल्याचा दाखला लागे. कॉलेजच्या प्रवेशाला गुणपत्रिका लागते तसा इथे नकार लागायचा!

मित्राच्या मुलाला काय करावं लागलं

इतका इतिहास पाहिल्यावर फ्लोरिडाचा नियम नीट समजतो. बहुतेक राज्यांत दोषी चालकाची विमा कंपनी सरकारकडे एक प्रमाणपत्र दाखल करते. त्याचं नाव 'एसआर-२२'. ही पॉलिसी नव्हे. या माणसाचा विमा आमच्याकडे आहे, आणि तो तुटला तर आम्ही तुम्हाला कळवू, अशी ती कंपनीची सरकारला हमी. ती साधारण तीन वर्षं अखंड ठेवावी लागते. मधे एक हप्ता चुकला, पॉलिसी तुटली, की कंपनी कळवते आणि लायसन्स पुन्हा जातं. स्वतःची गाडी नसली तरी सुटका नाही. मग गाडीविना चालकाच्या नावावर मिळणारी पॉलिसी घ्यावी लागते.

फ्लोरिडाने २००७ मध्ये प्यालेल्या चालकांसाठी याहून कडक 'एफआर-४४' आणलं. एका माणसाच्या इजेला १ लाख डॉलर, एका अपघाताला ३ लाख, मालमत्तेच्या नुकसानीला ५० हजार. तेही सहा महिन्यांचा हप्ता आगाऊ भरून. आता याच राज्यात सर्वसाधारण चालकाला किती विमा लागतो? स्वतःच्या इजेसाठी १० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १० हजार. दुसऱ्याच्या शरीराला इजा केली तर तिच्यासाठी विमा असण्याची सक्तीच नाही. म्हणजे फ्लोरिडाच्या रस्त्यावर तुम्हाला गाडीचा धक्का बसणारच असेल, तर दोषी ठरलेल्या आणि 'एफआर-४४' भरलेल्या चालकाचा बसलेला बरा. निदान इस्पितळाचं बिल भागेल.

मुलाने शेवटी काय केलं तेही सांगतो. एकाच कंपनीचा माल विकणाऱ्या एजंटाकडे न जाता तो अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्या एजंटाकडे गेला. झालं ते लपवलं नाही. लपवून उपयोगही नसतो, कंपनी चालकाची सरकारी नोंद मागवतेच. नकोशा चालकांचा विमा देणाऱ्या एका कंपनीकडे पॉलिसी मिळाली. ती मिळाली नसती तर राज्याची सामायिक योजना हे शेवटचं दार होतं. गाडी बदलून जुनी घेतली, तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा सोडून दिला आणि त्रयस्थाचा तेवढा ठेवला. तीन वर्षांची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.

त्याच्याकडे चांगली नोकरी होती म्हणून हे निभलं. नसती तर? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गाडीशिवाय कामावर जाता येत नाही. लायसन्स म्हणजे रोजीरोटी, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ मध्ये 'बेल विरुद्ध बर्सन' या खटल्यात मान्य केलं. जॉर्जिया राज्यातल्या एका धर्मोपदेशकाला तीन खेड्यांत फिरावं लागे. त्याच्या गाडीवर सायकलवरची एक लहान मुलगी येऊन आदळली. विमा नव्हता म्हणून, चूक कोणाची हे न बघताच, राज्य त्याचं लायसन्स काढून घेत होतं. सुनावणीशिवाय असं करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. हे प्रकरण दारूचं नव्हतं. पण गरीब माणसाकडून लायसन्स काढून घेतलं की तो गाडी चालवायची थांबेलच असं नाही, तो विम्याशिवाय चालवू लागतो, ही अडचण तिथेही होतीच. आज अमेरिकेत साधारण सात-आठ चालकांमागे एक बिनविम्याचा आहे. हप्ता जितका चढवावा तितकं दोषी चालकाला शासन केल्याचं समाधान मिळतं, आणि तितकाच तो विम्यातून निसटण्याची शक्यता वाढते. ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं, तो रस्त्यावरचा माणूस मग पुन्हा उघडा पडतो.

आपल्याकडे

आपला कायदा इंग्लंडच्या वाटेने आला. मोटार वाहन कायदा १९३९ चा, आणि त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. १९८८ च्या कायद्याने तीच चौकट पुढे नेली. आपल्याकडे त्रयस्थाच्या विम्याचा दर गाडीवर ठरतो, माणसावर नाही. १ जून २०२२ च्या दरपत्रकानुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. गाडी कोण चालवतो, त्याला दारूबद्दल शिक्षा झाली का, हे कोणी विचारत नाही. 'नकोसं गिऱ्हाईक' आपल्याकडेही होतं, पण ते होतं मालट्रक. २००७ मध्ये दर मोकळे होताच कंपन्या ट्रकचा त्रयस्थ विमा टाळू लागतील हे दिसत होतं. म्हणून सगळ्यांची सामायिक झोळी करण्यात आली. २०१२ मध्ये तिच्या जागी 'नाकारलेल्या जोखमीं'ची झोळी आली आणि तीही २०१६ मध्ये मिटली. न्यू हॅम्पशायरची युक्ती अशी आपल्याकडेही येऊन गेली. पेढीवर असताना तिची परिपत्रकं मीच फायलीला लावली आहेत. तिचं मूळ कुठलं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतुकीच्या गुन्ह्यांना गुण देऊन त्यावर वेगळा हप्ता लावावा असं सुचवलं. चुकीच्या जागी गाडी लावली तर १० गुण, दारू पिऊन चालवली तर १००. ती शिफारसच राहिली. त्याच सुमाराला दुसरा एक बदल मात्र झाला आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने, जी विम्यापुरती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, विमा कंपनीला बचाव म्हणून जी कारणं मांडता येतात त्यांत चालकाने दारू पिऊन गाडी चालवणं हेही आलं. १९२७ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने जे दार कंपनीसाठी बंद केलं होतं, ते आपण किलकिलं केलं. सुदैवाने आपल्या न्यायालयांनी 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' हे जुनं सूत्र सोडलेलं नाही. 'स्वर्णसिंग' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते पक्कं केलं होतं, आणि दारूच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच लावलं. पण सूत्र न्यायालयाच्या हाती आहे आणि बचाव कायद्याच्या पुस्तकात.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगून टाकतो. १९८७ मध्ये माझ्या मामाला रस्त्याकडेने सायकलवरून जाताना एका टेम्पोने उडवलं. चालक प्यालेला होता. त्याला शिक्षा झाली, आणि आम्हा सगळ्यांना तेव्हा वाटलं, न्याय झाला. मग दाव्याचा निकाल मामीच्या बाजूने लागला, आणि कळलं की टेम्पोचा विमा चार महिन्यांपूर्वीच संपला होता. मालकाकडे त्या टेम्पोशिवाय काही नव्हतं आणि टेम्पो फायनान्सवाल्याने ओढून नेला. मामीने पुढची वीस वर्षं शिवणकाम केलं.

म्हणून मित्राला मी या दिवाळीत स्वतःहून फोन केला. म्हटलं, "तुझा प्रश्न गेल्या वर्षीचा. मुलाचा विमा मुलासाठी नाहीच रे. त्याच्यापुढे उद्या सायकलवरून कोणी येईल, त्याच्यासाठी आहे. हप्ता मात्र त्याने चुकवू नये, एवढं बघ." तो म्हणाला, "अजून चौदा महिने आहेत. मी दर महिन्याला विचारतो."

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मामीच्या ट्रंकेतला तो निकाल मी पुन्हा मागून आणला. कागद घडीवर फाटत आला आहे. भरपाईची रक्कम, व्याजाचा दर, सगळं टंकलेलं आहे. विमा कंपनीच्या नावापुढे एकच वाक्य आहे : अपघाताच्या दिवशी पॉलिसी अस्तित्वात नव्हती.